सिस्टरांचा खुलासा

आमच्या सिस्टर रोग्याशी बोलत नसत, त्याच्या गुडघ्याशी बोलत.

एखादी म्हातारी लंगडत येऊन बाकावर टेकली की सिस्टर तिच्यासमोर स्टूल ओढायच्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायच्या आणि गुडघ्याकडे बघत विचारायच्या, "काय रे, काय झालं तुला?"

म्हातारीला वाटायचं, आपल्यालाच विचारलं. ती सुरू करायची, "अवो बाई, चार दिस झालं..."

"तू थांब गं जरा. मी त्याला विचारतेय."

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नोकरीला लागून तीनच दिवस झाले होते. मी शेजारच्या टेबलावर होतो. मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. पण म्हातारी हसली आणि गुडघ्याच्या वतीनं उत्तरं देऊ लागली. "तो म्हनतो, दादर उतरताना चमकतो. चढताना न्हाय. आनि कोन बघाया न्हाय आला की जास्त दुकतो." हे शेवटचं वाक्य तिनं स्वतःच्या नावावर कधी सांगितलं नसतं. गुडघ्याच्या नावावर सांगून टाकलं.

आमचं आरोग्य केंद्र खाडीच्या काठी होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझीच चूक जास्त आहे आणि गावाला उगाच त्यात ओढायचं नाही. रेवदंड्यापासून काशीदपर्यंतची माणसं तिथं यायची. मासेमारी करणारे, वाडीत नारळ पाडणारे, आणि शनिवार-रविवारी उन्हानं भाजलेले, बनाना बोटीवरून पडलेले मुंबईचे पर्यटक. दुसऱ्या डॉक्टरची जागा मी आलो तेव्हा रिकामी होती, मी सोडलं तेव्हाही रिकामीच होती. सकाळी बाह्यरुग्ण, दुपारी लसीकरण, मग अहवाल, मग वरून फोन, आणि सुट्टीच्या दिवसांत समुद्रात बुडालेल्यांची शवविच्छेदनं. दमणूक हळूहळू अंगवळणी पडते. तिसऱ्या वर्षी मी रोग्याच्या तोंडाकडे न बघता लिहायला शिकलो होतो.

सिस्टरांना ते दिसत होतं. त्या बोलायच्या नाहीत. फक्त कधीकधी माझ्या टेबलावर केसपेपर ठेवताना म्हणायच्या, "सर, हिनं नुसतं 'दुखतं' म्हटलंय. मी परत पाठवलंय तिला बाकावर. आठवून ये म्हटलं."

"दुखतं" हा शब्द त्यांना चालत नसे. "दुखतं हे काय उत्तर झालं? ठणकतं का? कळ येते? भणभणतं? ठुसठुसतं? आत काही सलतं का? आग होते का मुंग्या येतात?" बायका विचारात पडायच्या. दाढ धरून आलेला एक रिक्षावाला तर चिडला होता. "बाई, मी मरतोय आनि तुमी मराठीचा पेपर घेताय!" पण दोन मिनिटांनी तोच म्हणाला, "ठुसठुसते. घड्याळासारखी." सिस्टरांनी केसपेपरवर "ठुसठुसते" असं लिहून मला दिलं. मी दाढेखालचं गळू शोधलं, आणि ते होतं.

वरून एकदा एक तक्ता आला. त्यावर सहा गोल चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडणारा. रोग्यानं आपलं दुखणं कोणत्या चेहऱ्याएवढं ते बोटानं दाखवायचं. सिस्टरांनी तो भिंतीला लावला, कारण लावायचा आदेश होता, आणि त्यावर लसीकरणाचं कॅलेंडर टांगलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "इथल्या बाईचं तोंड बघून दुखणं कळलं असतं तर मग काय हवं होतं, सर."

त्यांचं माहेर पेणकडचं. वडील मिठागरात कामाला होते. लहानपणी त्या अनवाणी मिठागरात जायच्या, तळव्याला चीर पडायची, तिच्यात खारं पाणी जायचं. रडायला लागल्या की वडील विचारायचे, "झोंबतंय का चावतंय?" आणि उत्तर शोधता शोधता रडू थांबायचं. असं त्यांनी मला सांगितलं होतं. अटेंडंट मावशींना मात्र त्यांनी सांगितलं होतं की वडील दोन ठेवून द्यायचे. दोन्ही खरं असेल.

इंजेक्शन देताना "काही होत नाही हं" असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही. लहान मुलांनासुद्धा नाही. "टोचणार. मुंगीपेक्षा जास्त, इंगळीपेक्षा कमी." आणि सुई हातात घेतली की भलताच प्रश्न विचारायच्या, पण असा की ज्याचं उत्तर खरंच आठवावं लागेल. "तुमच्या वाडीत माड किती?" काशीदकडच्या एका आजोबांना हे विचारलं. ते बोटांवर मोजायला लागले आणि इंजेक्शन होऊन गेलं. दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा दारात. मी म्हटलं, "काय झालं आजोबा, सुजलं का?" म्हणाले, "न्हाय. सिस्टरला सांगा, एकेचाळीस. काल विहिरीकडचं धरलं नव्हतं."

पावसाळा संपून होड्या परत पाण्यात गेल्या की मागच्या खोलीत गॅसवर पाण्याचं पातेलं सतत असायचं. मला वाटायचं चहासाठी. एक दिवस दोघांनी एका खलाशाला उचलून आणलं. पायाला पाकट माशाच्या शेपटीतला काटा लागलेला. धिप्पाड माणूस, पण टॉवेलचा बोळा दातात धरून गुरासारखा आवाज करत होता. मी इंजेक्शन भरायला घेतलं. सिस्टरांनी मला कोपरानं बाजूला केलं. कोपरानं, कारण दोन्ही हातांत गरम पाण्याची बादली होती.

"आधी पाणी."

"सिस्टर, भाजेल त्याला!"

त्यांनी स्वतःचा हात कोपरापर्यंत बादलीत घातला, थोडं गार पाणी ओतलं, पुन्हा हात घातला, आणि मग त्याचा पाय आत सोडला. अर्ध्या तासानं त्या माणसानं टॉवेल तोंडातून काढला आणि चहा मागितला. मग मी माझं सगळं केलं, काटा, इंजेक्शन, पट्टी. नंतर पुस्तकात शोधलं तर पाकटाचं विष उष्णतेनं निकामी होतं असं दिलेलं होतं. सिस्टरांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी कोळणींना विचारलेलं होतं.

दुखणं म्हणजे काय, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. बोटाला कापलं तर बोट फक्त निरोप पाठवतं. तो निरोप पाठीच्या कण्यातून वर मेंदूत जातो, आणि किती दुखायचं, दुखायचं की नाही, हे मेंदू ठरवतो. परीक्षेत मी हे आकृतीसकट लिहिलं होतं. पण मला ते दिसलं एका बापाच्या रूपात. पोरगी समुद्राकाठच्या खडकावरून पडली होती, कपाळ फाटलं होतं. बाप तिला पुढ्यात घेऊन मोटरसायकल चालवत आला. मी तीन टाके घातले. तोपर्यंत तो तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून उभा होता, तिला गाणी म्हणून दाखवत होता. टाके झाले, पोरीनं बिस्किट घेतलं, ती हसली. तेव्हा हा म्हणाला, "डॉक्टर, माझा हा हात जरा..." आणि खाली बसला. पांढरा पडला, घामानं भिजला. मनगट मोडलेलं होतं. तिला उचलायला धावताना तोही पडला होता. त्याच मनगटानं तो सात-आठ किलोमीटर गाडी चालवत आला होता.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या फळी शोधत होत्या. म्हणाल्या, "आत्तापर्यंत वेळ नव्हता त्याला."

त्यानंतरच्या वर्षी सिस्टरांना नागीण उठली.

उजव्या बाजूला, छातीखालून पाठीपर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा. मावशी घाबरल्या. नागिणीनं विळखा पुरा केला की माणूस जातो, असं त्यांनी ऐकलेलं. सिस्टर म्हणाल्या, "माझा घेर बघ आधी. पुरा करायला तिला निवृत्तीपर्यंत वेळ लागेल." औषधं दिली, फोड वाळले, खपल्या पडल्या, तीन आठवड्यांत कातडी स्वच्छ. त्या कामावर आल्या. मी विषय मिटला असं धरलं.

मिटला नव्हता. काही जणांमध्ये नागीण जाते आणि तिनं पोळलेली नस खोटे निरोप पाठवत राहते. वारा लागला तरी मेंदूला कळतं की भाजलं. हेही मी शिकलेलो होतो, म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी त्यांना झापड यायची. एका लसीकरणाच्या दिवशी हातात भरलेली सिरिंज, समोर आईच्या मांडीवर उघडं बाळ, आणि सिस्टरांचे डोळे मिटले. क्षणभरच. त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, मावशींना म्हणाल्या बाळाला झाक, आणि त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. मला आठ दिवसांनी सांगितलं.

मग त्या मला रोज सांगू लागल्या. तक्रार म्हणून नाही, बातमी दिल्यासारखं. आज पंख्याखाली बसवलं नाही. आज ब्लाऊजची शिवण तापलेल्या तारेसारखी लागली. आज बरं होतं, पण आंघोळीचं पाणी पडलं आणि पेटलं. पहिला महिना मी ऐकलं. दुसऱ्या महिन्यात मान हलवत लिहीत राहिलो. पाचव्या-सहाव्या महिन्यात, एका मंगळवारी, बाहेर शंभरावर माणसं, वरून अहवालासाठी तिसरा फोन, आणि त्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सर, कालपासून नवीनच प्रकार आहे..."

मी पेन ठेवलं नाही. तसंच म्हणालो, "सिस्टर, जखम कधीच भरलीय. आता हे तुमच्या डोक्यात आहे."

बाकावरच्या बायकांनी ऐकलं. मावशींनी ऐकलं.

सिस्टर जराही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. "डोक्यातच असतं, सर. सगळ्यांचंच. म्हणून ते खोटं होत नाही." आणि औषधं द्यायच्या खिडकीकडे गेल्या.

त्यानंतर त्यांनी मला एक शब्द सांगितला नाही. मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

थोड्याच दिवसांत त्या गणवेशाची साडी सोडून सलवारीवर पुरुषाचा शर्ट घालून येऊ लागल्या. वर पांढरा कोट. शर्ट त्यांच्या नवऱ्याचे होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावात लगेच कहाणी तयार झाली. बिचारीला म्हातारपणी नवऱ्याची आठवण येते. कुणी हळहळलं, कुणी हसलं. मावशींनी एकदा डोळे पुसत विचारलंच. सिस्टर म्हणाल्या, "आठवण कसली गं? कापड. धुऊन धुऊन मऊ झालंय. दुसरं काही सोसत नाही."

मग कुणीतरी फोटो काढून वर पाठवला. वरच्या साहेबांकडून कारणे दाखवा नोटीस आली, गणवेश न घालता कर्तव्यावर हजर राहिल्याबद्दल. निवृत्तीला दहा महिने राहिलेल्या माणसामागे चौकशी लागणं म्हणजे काय, हे सरकारी नोकराला समजावून सांगावं लागत नाही. नोटीस माझ्यामार्फत द्यायची होती. मी फोन उचलून दोन वाक्यं बोलू शकलो असतो. मी कोपऱ्यात सही केली आणि मावशींच्या हाती पाठवून दिली. त्या दिवशी बाहेर गर्दीही फार नव्हती.

चौथ्या दिवशी खुलासा माझ्या टेबलावर आला. तोही माझ्यामार्फतच वर जायचा होता, आणि खाली माझ्या अभिप्रायासाठी जागा सोडायची असते, ती सोडलेली होती. मी त्याची प्रत ठेवून घेतली. अक्षर पहिलीच्या बाईंचं असावं तसं गोल.

"महोदय, मला गणवेशाबद्दल आदर आहे. एकोणतीस वर्षे मी तो घातला. गेल्या वर्षी मला नागीण झाली. ती बरी झाली, तिची आग राहिली. उजवीकडे चार बोटं रुंद पट्टा आहे. सकाळी तो चुरचुरतो. पाणी लागलं की पेटतो. दुपारी ठणका असतो, तो परवडतो, कारण ठणका एका जागी बसून असतो. चारनंतर चमक येते, तिची वेळ सांगता येत नाही, म्हणून चारनंतर मी सुई हातात घेत नाही. गणवेशाचा ब्लाऊज सैल शिवून पाहिला, शिवण लागतेच. जुने शर्ट लागत नाहीत. या दुखण्याचा फोटो निघत नाही याची मला कल्पना आहे, त्यामुळे पुरावा जोडलेला नाही. मी रजा मागत नाही. काम करण्यासाठी शर्ट मागत आहे. आपली विश्वासू."

मी तो तीनदा वाचला. खालची रिकामी जागा बघत बसलो. आठ महिने ही बाई माझ्यापासून पाच फुटांवर काम करत होती आणि चारनंतर सुई तिच्या हातात नसते, हे मला कागदावरून कळलं.

दुपारी बाह्यरुग्ण संपल्यावर मी त्यांना म्हटलं, "सिस्टर, तपासायचंय. वेळ आहे?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग मावशींना हाक मारली आणि स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या. मावशींनी शर्ट मागून वर धरला. कातडीवर काही नव्हतं. फिकट डाग, एवढंच. मी कापसाचा पेळू ओढून त्याचं टोक धाग्याएवढं बारीक केलं.

"कापूस लावतोय. आधी डावीकडे."

"हं. काही नाही. कापूसच आहे."

"आता उजवीकडे."

तो कापूस एखाद्या केसापेक्षा जड नसेल. तो टेकला आणि सिस्टरांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी त्या खोलीत पाकटवाल्या खलाशाकडूनही ऐकला नव्हता. मावशींच्या हातून शर्ट सुटला. तो पाठीवर पडला तेव्हा सिस्टर पुन्हा कळवळल्या. मावशी रडायलाच लागल्या.

"रडू नको. धर वर," सिस्टर म्हणाल्या. श्वास जुळल्यावर म्हणाल्या, "सर, आता तळहात ठेवा. दाबून. घाबरू नका."

मी तळहात दाबून ठेवला. त्यांचे खांदे खाली आले. "हां. हे बरं वाटतं. बघा कसं आहे ते. हलकं सोसत नाही, जड सोसतं."

मग मी पेनानं त्या पट्ट्याच्या कडा आखत गेलो. कुठं सुरू होतं, कुठं संपतं, कुठं फक्त बधिर आहे. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. पाऊण तास लागला. मी अभिप्राय म्हणून दीड पान लिहिलं, त्यांचेच शब्द घालून, आणि शेवटी लिहिलं की मी स्वतः तपासलं असून हे दुखणं खरं आहे. सरकारी कागदावर असं वाक्य मी त्याआधी लिहिलं नव्हतं.

चौकशी लागली नाही. सैल सुती कपडे वापरण्यास विशेष बाब म्हणून परवानगी आली, पण ती फिरत फिरत सिस्टरांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा पोचली. तोवर त्या शर्टातच येत होत्या आणि मी हजेरीवर सही करत होतो. मुंबईला मी त्यांना दुखण्याच्याच एका तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गोळी बदलली, डोस अगदी बारीक करून झोपतानाच घ्यायला दिली. चमक कमी झाली. आग राहिली.

निवृत्तीच्या दिवशी फोटोसाठी त्यांनी पूर्ण गणवेश घातला होता. साडी, ब्लाऊज, पिना, सगळं. मी म्हटलं, "कशाला?" त्या म्हणाल्या, "पाच मिनिटांचा प्रश्न आहे." फोटो माझ्याकडे आहे. चेहऱ्यावर काहीच दिसत नाही.

पुढे दोन वर्षांनी मीही ती जागा सोडली. निघण्याआधी नागावला त्यांच्याकडे गेलो. भाचीनं वाडीत चार खोल्या बांधून होमस्टे काढला होता, सिस्टर मागच्या पडवीत बसून वालाच्या डाळिंब्या सोलत होत्या. अंगात शर्ट होताच. चहा झाला. मी इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, "सिस्टर, त्या मंगळवारी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो होतो. डोक्यात आहे म्हणून. माझं चुकलं."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे हो सर. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"बरं झालं बोललात," त्या म्हणाल्या. "लागलं होतं मला."

थोड्या वेळानं त्यांनी आपणहून सांगितलं. लग्नानंतर त्या नवीन नर्स झाल्या होत्या तेव्हा घरात सासूबाई होत्या. त्यांच्या पायांची आग व्हायची. ओलं पोतं घालून त्यावर पाय ठेवून बसायच्या. सून नर्स, म्हणून रोज तिला सांगायच्या. "मी पाय बघायची. सूज नाही, जखम नाही. ड्यूटीवरून दमून यायची मी, घरी हिचं तेच. एक दिवस म्हटलं, आई, काही नाही झालेलं, तुमच्या डोक्यात आहे. तुमचेच शब्द, सर. त्यानंतर त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं." त्यांनी हातातली डाळिंबी परातीत टाकली. "साखरेच्या रोगाचं होतं ते. त्या गेल्यावर चार वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये मला कळलं. तिथं बाकावर बसल्याबसल्या कळलं."

"मग?"

"मग काय. त्या तर नव्हत्या. पुढे आले त्या पायांना मी विचारत बसले."

पुढच्या खोल्यांतून पाहुण्यांच्या मुलांचा दंगा ऐकू येत होता. सिस्टर उजवा हात बरगडीवर दाबून धरून सरळ बसल्या, चार-पाच श्वास तशाच थांबल्या. मी विचारलं, "काय होतंय?"

"थांबा," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "सांगते."

मी थांबलो.